नराणी, चाकू आणि नेलकटर

आपल्या मंडळाच्या गेल्या सहलीत एक अगदी क्षुल्लक प्रसंग घडला, आणि त्या प्रसंगापायी हा लेख लिहिण्याची पाळी माझ्यावर आली. बसमध्ये चढताना आमच्यापैकी एका भगिनीचे नख दाराच्या कडीत अडकून अर्धे तुटले. तुटलेले नख लुगड्याच्या पदराला, केसांना, शालीला, जिथे म्हणून लागेल तिथे अडकू लागले. तेव्हा दोन पर्समधून दोन वस्तू एकदमच बाहेर आल्या. आमच्या खजिनदारबाईंनी काढला तो मिटायचा, लाल मुठीचा खिशातला चाकू. त्यात पाते, कात्री, कानस आणि नखे कापायचा चिमटाही होता. चिटणीसबाईंनी काढले ते साधे, स्वस्तातले पोलादी नेलकटर. मग कोणते चांगले यावर जो वाद सुरू झाला तो थेट जेवणाच्या पंगतीपर्यंत चालला. शेवटी संपादिकाबाई मला म्हणाल्या, "तुम्ही इतिहास शिकवलात ना? मग याचाही इतिहास सांगा, म्हणजे स्मरणिकेची चार पाने भरतील आणि हा वादही मिटेल."

पाने भरतील यात शंका नाही. वादाचे मात्र सांगवत नाही. लढाया, तह आणि राजांची सालावळी शिकवण्यात माझी बत्तीस वर्षे गेली. नखासारख्या विषयाला इतिहास असेल हे मला तेव्हा कोणी सांगितले असते तर मी हसले असते. पण शोध घेऊ लागले तेव्हा या इतिहासात माझ्या घरातल्याच दोन बायका मला भेटल्या. त्यांच्याविषयी पुढे सांगेन. आधी नराणीविषयी.

माझ्या वयाच्या भगिनींना 'नराणी' हा शब्द आठवत असेल. लहान मुलींना तो आता समजावून सांगावा लागतो. न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री, फणी, वाटी, आरसा यांच्या जोडीला पोलादाची एक बारीक, सपाट पट्टी असे आणि तिच्या टोकाला धार असे. तीच नराणी. नखांचे हरण करणारी ती नखहरणी, आणि तिचा अपभ्रंश होत होत नराणी, असे तिचे नाव सांगतात. न्हावी गिऱ्हाइकाची बोटे पाण्यात भिजवी, बोट आपल्या चिमटीत धरी आणि नराणीचे टोक नखाच्या कडेने असे काही सफाईने फिरवी की नखाची कोर सबंध निघून येई. हे काम पाहायला मजा वाटे, पण ते स्वतःचे स्वतःला साधत नसे. डाव्या हाताने उजव्या हाताची नखे नराणीने काढून पाहा, म्हणजे कळेल! म्हणून नखे ही दुसऱ्याकडून काढून घ्यायची गोष्ट होती. न्हावी बारा बलुतेदारांपैकी एक. त्याला वर्षाचे धान्य ठरलेले असे आणि त्या धान्यात दाढी, डोके आणि नखे अशी सगळीच सेवा आली.

हे केवळ आपल्याकडेच होते असे नाही. इसवी सनापूर्वी १८४ साली वारलेल्या प्लॉटस या रोमन नाटककाराच्या 'ऑल्युलारिया' नाटकात एक चिक्कू म्हातारा आहे. त्याचा चिक्कूपणा वर्णन करताना एक पात्र सांगते की न्हाव्याने याची नखे काढली, तर हा बाबा नखांचे तुकडेसुद्धा गोळा करून घरी घेऊन गेला. या विनोदाला प्रेक्षक हसले ते चिक्कूपणाला. आपण त्यातून एवढेच घ्यायचे की दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममध्येही नखे काढणे हे न्हाव्याचेच काम होते.

आपल्याकडचे पुरावे त्याहून मनोरंजक आहेत. विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्षूंच्या नखांची एक हकीकत आली आहे. भिक्षूंनी नखे लांब वाढवू नयेत असा नियम बुद्धांनी केला. नियम झाला, पण साधन कोठे होते? भिक्षू बिचारे नखाने नख तोडू लागले, दातांनी कुरतडू लागले, कोणी भिंतीवर घासू लागले. बोटे दुखू लागली. तेव्हा बुद्धांनी नखे कापण्याचे हत्यार बाळगायची परवानगी दिली. परवानगी मिळताच काहींनी नखे इतकी खोल कापली की रक्त आले. मग आणखी एक नियम करावा लागला, की नख मांसाच्या मर्यादेपर्यंतच कापावे. पुढे काही हौशी भिक्षू वीसही नखे घासून चकचकीत करू लागले, तेव्हा तेही थांबवावे लागले. ज्यांनी सर्वसंगपरित्याग केला त्यांनासुद्धा नखे सुटली नाहीत, आणि नखांबरोबर नखांचे लाडही सुटले नाहीत, हे वाचून मला फार गंमत वाटली. पण त्यातली रक्ताची गोष्ट माझ्या मनात राहिली. हत्यार हाती आले, पण मर्यादा कळली नाही, की जे होते ते त्या भिक्षूंचे झाले.

वैद्यकातही नखांना मान आहे. चरकसंहितेत केस, दाढी आणि नखे पंधरवड्यातून तीन वेळा कापावीत असे सांगितले आहे. म्हणजे सरासरी पाच दिवसांनी एकदा! आपण शाळेतल्या मुलांची नखे आठवड्यातून एकदा तपासतो, ती सवलतच म्हणायची. सुश्रुताने शस्त्रक्रियेसाठी वीस शस्त्रे सांगितली आहेत आणि त्यांत 'नखशस्त्र' स्वतंत्रपणे मोजले आहे. शरीर चिरण्याच्या हत्यारांच्या पंक्तीत नखाचे हत्यार बसवले, यावरून आपल्या जुन्या वैद्यांना या कामाची जोखीम चांगली ठाऊक होती असे दिसते.

आता चाकूकडे वळू. खिशातल्या लहान चाकूचा जन्म नखांसाठी झालेला नाही. तो लेखणीसाठी झाला. युरोपात हंसाच्या पिसाची लेखणी करीत. तिचे टोक लिहिता लिहिता बोथट होई आणि पुन्हापुन्हा तासावे लागे. त्यासाठी जो लहान, धारदार चाकू लागे तो 'पेननाइफ'. पिसाला लॅटिनमध्ये 'पेन्ना' म्हणतात, त्यावरूनच पेन. आपल्याकडे बोरू तासायला असाच चाकू लागे आणि दफ्तरी भाषेत त्याला 'कलमतराश' हे फारसी नाव होते. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पोलादी टाक ढिगांनी बाहेर पडू लागले आणि लेखणी तासण्याचे कारणच उरले नाही. पण चाकू खिशात बसला तो बसलाच. तो पेन्सिलीला टोक करू लागला, फळे कापू लागला, दोरा तोडू लागला आणि रिकाम्या वेळी मालकाची नखे कोरू लागला. मूळ काम गेले तरी घरात वावरणारी माणसे आपण पाहतोच. तशातलीच ही वस्तू.

येथे मला माझ्या घरातली पहिली बाई भेटते. ती म्हणजे माझ्या वडिलांची आत्या. वडील तिला आत्या म्हणत म्हणून आम्ही सगळी भावंडेही तिला आत्याच म्हणत असू. मी सातआठ वर्षांची असताना, १९५४ च्या सुमारास, ती सत्तरीला आलेली होती. वाईच्या आमच्या वाड्यात मागच्या पडवीत तिची खोली होती. अंगावर तांबडे आलवण, डोक्यावरून पदर, आणि पदराखाली केस नाहीत. वयाच्या बाराव्या वर्षी, १८९६ साली, तिचा नवरा तापाने गेला. नवऱ्याचा चेहराही तिला धड आठवत नव्हता. मात्र न्हाव्यापुढे पहिल्यांदा बसवले तो दिवस तिला अखेरपर्यंत आठवत होता.

तत्पूर्वी सहा वर्षे, १८९० साली, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळी एकत्र आली होती आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असा निर्धार त्यांनी केला होता. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवायचे म्हटले, ही केवढी मोठी गोष्ट! पण मुंबईचा तो निर्धार आमच्या वाईच्या परसदारी सहा वर्षांत पोहोचला नाही. न्हावी महिन्याच्या महिन्याला मागच्या दाराने येत राहिला. त्या गरिबाचाही त्यात काय दोष? घरातले कर्ते पुरुष बोलावीत आणि तो येई.

आत्या खाली मान घालून त्याच्यापुढे बसे. डोके झाले की तो नराणी काढून हात पुढे कर म्हणे. तेव्हा ती हात आलवणात ओढून घेई. "नखे माझी मी काढते," एवढे एकच वाक्य ती बोले. हे मला माझ्या आईने सांगितले, आणि नखे काढताना आत्याला मी स्वतःही पाहिले आहे. तिच्याजवळ तिच्या थोरल्या भावाचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, बोरू तासायचा मिटता चाकू होता. मूठ शिंगाची, पाते घासून घासून निम्मे राहिलेले. अंघोळीनंतर उन्हात बसून ती एकेका बोटाचे नख त्या चाकूने असे हलके तासे की नखाची भुकटी होऊन पडे. मी विचारले, "आत्या, न्हाव्याकडून का नाही काढून घेत?" ती म्हणाली, "बाळ, सगळे दुसऱ्याच्या हाती द्यायचे नसते." त्या वेळी मला याचा अर्थ कळला नाही. आज कळतो. डोक्यावरच्या केसांवर तिची सत्ता नव्हती. दहा बोटांच्या नखांवर तेवढी ती तिने राखली होती, आणि ती राखायला तिच्याजवळ एक जुना चाकू होता.

म्हणून खिशातल्या चाकूला मी कधी नावे ठेवीत नाही. आता नेलकटरकडे वळते.

नेलकटर ही अमेरिकेतल्या कारागिरांची कल्पकता आहे. १८७५ साली व्हॅलेंटाइन फोगर्टी नावाच्या गृहस्थाने नखे नीट करण्याच्या एका साधनाचे पेटंट घेतले. पण ते आजच्या नेलकटरसारखे नव्हते, कानशीच्या जवळचे होते. पुढच्या पाचसहा वर्षांत अशी आणखी काही पेटंटे निघाली. १८८१ मध्ये सिनसिनाटी शहरातील हाइम आणि मॅट्झ या जोडीने दोन जबड्यांचे, दाबून नख तोडणारे यंत्र नोंदवले. तेच आजच्या नेलकटरचे पूर्वज. मग कनेक्टिकट राज्यातील अँसोनिया गावी चॅपेल कार्टर यांच्या कंपनीने 'जेम' नावाचे नेलकटर बाजारात आणले. ते १८९६ साली पहिल्यांदा विकायला आले असे खुद्द कार्टर यांनीच पुढे सांगितले आहे. १८९६! ज्या वर्षी आमच्या आत्याला पाटावर बसवले तेच हे वर्ष. इतिहासाच्या पुस्तकात ही दोन साले कोणी शेजारी ठेवणार नाही, म्हणून मी येथे ठेवते.

त्याच राज्यातील डर्बी गावी विल्यम बॅसेट यांनी १९३९ साली आपला कारखाना काढला आणि १९४७ मध्ये 'ट्रिम' नावाचे नेलकटर आणले. त्यांनी केलेल्या सुधारणा ऐकायला अगदी किरकोळ वाटतात. वरची दांडी आडवी सरकू नये म्हणून दोन बारीक उंचवटे ठेवले, खिळ्याला खाच पाडली, आणि अंगठा नीट बसावा म्हणून दांडीला किंचित बाक दिला. पण या तीन लहान गोष्टींनी नेलकटर हातात स्थिर राहू लागले. आज घरोघरी असलेले नेलकटर, ते कोठल्याही देशात तयार झालेले असो, या घडणीचेच भावंड आहे. पंचाहत्तरांहून अधिक वर्षे होऊन गेली तरी त्याच्या रूपात फारसा फरक पडलेला नाही. ज्या वस्तूत बदल करायला जागाच उरत नाही ती वस्तू पुरी झाली असे समजावे.

हे यंत्र चालते कसे, हे भगिनींना सांगायला पदार्थविज्ञानाचे पुस्तक नको, स्वयंपाकघरच पुरे. आपला चिमटा आठवा. दोन पट्ट्या मागच्या टोकाला जोडलेल्या असतात, मध्ये दाबले की पुढची टोके मिटतात, सोडले की आपोआप उघडतात. नेलकटरचे खालचे अंग म्हणजे हा चिमटा. फक्त त्याच्या टोकांना वळवून धार लावलेली असते. पण चिमट्यात जोर नसतो. चिमट्याने फुलका उचलता येतो, सुपारी फुटत नाही. सुपारीला अडकित्ता लागतो. अडकित्त्याचा खिळा एका टोकाला, हात दुसऱ्या टोकाला आणि सुपारी खिळ्याच्या अगदी जवळ; म्हणून हाताचा थोडा जोर तेथे कित्येक पटींनी वाढतो. नेलकटरवरची उलटून फिरणारी दांडी म्हणजे हा अडकित्ता. खाली चिमटा आणि वर अडकित्ता अशी ही जोडगोळी आहे. आणि अडकित्त्याचे दांडे जितके लांब तितकी सुपारी सोपी, हे पानदान सांभाळलेल्या कोणत्याही आजीला ठाऊक असते.

सगळ्या वादाचे मूळ याच ठिकाणी आहे. आता चाकूतल्या नेलकटरचे पाहा.

एका मुठीत अनेक हत्यारे मिटवून ठेवायची हौस फार जुनी आहे. इंग्लंडात केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात रोमन काळातले, तिसऱ्या शतकातले म्हणून ठेवलेले, एक चांदीचे मिटायचे साधन आहे. त्यात चमचा, काटा, सुरी, टोच्या असे सगळे एकाच मुठीत आहे. आधुनिक काळात ही हौस नावारूपाला आणली ती स्वित्झर्लंडने. कार्ल एल्झेनर यांनी १८८४ साली इबाख गावी चाकूंचा कारखाना काढला. १८९१ मध्ये त्यांनी स्विस सैन्याला पहिले शिपाईचाकू पुरवले आणि १८९७ मध्ये अधिक हत्यारांचा, हलका असा अधिकारीचाकू नोंदवला. १९०९ साली त्यांची आई वारली. तिचे नाव व्हिक्टोरिया. मुलाने तेच नाव कारखान्याला दिले. १९२१ पासून न गंजणारे पोलाद, म्हणजे 'इनॉक्स', वापरात आले तेव्हा आईच्या नावाला ते जोडून 'व्हिक्टोरिनॉक्स' झाले. चाकूंच्या जगातले एवढे मोठे नाव एका आईचे आहे, हे महिला मंडळाच्या स्मरणिकेत नमूद व्हायलाच हवे.

त्या पहिल्या शिपाईचाकूत पाते, टोच्या, डबा फोडायचे साधन आणि पेचकस होते. नखे कापायचे यंत्र त्यात नव्हते. चाकूच्या मुठीत ते फार उशिरा शिरले आणि त्याचे कारणही उघड आहे. चाकूच्या मुठीत पातळ पाती एकावर एक मिटून बसतात. नेलकटरला मात्र दोन लवचीक पट्ट्या, त्यांच्यामधली उघडझाप आणि वरची दांडी एवढी जागा लागते. ती मुठीत बसवायची तर काहीतरी आखडते घ्यावे लागते. नेलकटर असलेला व्हिक्टोरिनॉक्सचा लहान चाकू अवघा ६५ मिलिमीटर लांबीचा आहे आणि त्यात पाते, कात्री, कानस यांच्याबरोबर नखे कापायचा चिमटा बसवला आहे. कारागिरी पाहावी तर थक्क होऊन जावे. हाताच्या नखांना तो छान चालतो. पण तोंड लहान, दांडीला लांबी कमी, आणि जाडजूड मूठ बोटाच्या आड येत असल्याने नख नेमके कोठे तुटते आहे ते नीट दिसत नाही. पायाच्या अंगठ्याचे जुने, जाड नख त्याच्या तोंडात सहजी मावत नाही. शिवाय एवढ्या फटींमध्ये नखांची भुकटी आणि पर्समधली धूळ जाऊन बसते; ती काढायची तर कोमट पाणी, जुना दातांचा ब्रश आणि शेवटी तेलाचा थेंब एवढा सरंजाम लागतो.

याच्या उलट एक दुसरी जातही आपल्याकडे आहे. जत्रेत, रेल्वेच्या फलाटावर, लोकलच्या डब्यात जी नेलकटरे विकायला येतात त्यांच्या पोटात एक कानस आणि एक इवलेसे चाकूचे पाते फिरते असते. चाकूत नेलकटर घातले तसे येथे नेलकटरमध्ये चाकू घातलेला आहे! त्या पात्याने फार तर दोरा तुटतो. पण नेलकटरचे काम मात्र ठीक होते, कारण त्याची दांडी आखडलेली नसते. मूळ वस्तू कोणती आणि पाहुणी कोणती हे पाहावे. यजमानाचे काम नीट होते, पाहुण्याचे अर्धेमुर्धे.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेले नाही. ते शिकवणारी माझ्या घरातली दुसरी बाई म्हणजे माझ्या सासूबाई.

१९९४ सालची गोष्ट. सासूबाई शहात्तर वर्षांच्या होत्या. मधुमेह वीस वर्षांचा. गुडघे धरलेले, त्यामुळे पायाच्या नखांपर्यंत हात पोहोचत नसे. इतकी वर्षे त्या दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा घेऊन आपली नखे आपण काढीत. आपल्या पिढीतल्या बहुतेक घरांत हीच पद्धत होती. आता नजरही अधू झालेली. म्हणून ते काम माझ्याकडे आले. त्याच सुमारास माझ्या धाकट्या दिरांनी परदेशातून येताना मिटायचा एक सुबक चाकू आणला होता. त्यात नखे कापायचा चिमटा होता. घरातले साधे नेलकटर कोठेतरी गेलेले. ते शोधायचा कंटाळा केला आणि तो नवा चाकू घेऊन सासूबाईंचा पाय मांडीवर घेतला.

अंगठ्याचे नख जाड होते. चिमटा नीट बसेना. मी तिरपा धरून कोपऱ्यात घातला, जोर केला आणि तो निसटला. सासूबाई हूं की चूं करीनात, म्हणून मला वाटले लागले नाही. मी पुढच्या बोटाकडे वळले. दोन मिनिटांनी माझ्या पदराला ओले लागले तेव्हा पाहिले, तर रक्त! "अहो, दुखले कसे नाही तुम्हाला?" मी घाबरून विचारले. त्या म्हणाल्या, "मला काही कळलेच नाही ग."

डॉक्टरांनी नंतर मला समजावले. जुन्या मधुमेहात पायांची संवेदना कमी होते. जखम झाली तरी दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून लक्ष जात नाही. रक्तपुरवठाही मंद, त्यामुळे जखम लवकर भरत नाही. ती एवढीशी जखम चिघळली. अडीच महिने रोज मलमपट्टी झाली. एक आठवडा असा आला की अंगठा ठेवायचा की काढायचा याची चर्चा माझ्यासमोर चालली होती आणि मी देवापुढे बसून फक्त एकच मागत होते. अंगठा वाचला. सासूबाईंनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. त्या सगळ्यांना सांगत, "पाय मीच हलवला." त्यांनी पाय हलवला नव्हता.

चाकूचा दोष होता का? नाही. तो प्रवासात तुटलेले नख नीट करायला केलेला होता; म्हातारीच्या पायाचे नख काढायला केलेला नव्हता. दोष माझ्या घाईचा होता. चुल्लवग्गातल्या त्या भिक्षूंची गोष्ट मी पुढे वाचली तेव्हा पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवावे लागले.

असो. आता सहलीतल्या वादाचा निकाल. चाकू पर्समध्ये असावा आणि नेलकटर घरात. अडचणीच्या वेळी हाताशी असणे हा चाकूचा गुण. खजिनदारबाईंचे म्हणणे तेवढ्यापुरते सोळा आणे खरे. मात्र विमानाने जाणाऱ्या भगिनींनी ध्यानात ठेवावे की पाते असलेला चाकू हातातल्या सामानात चालत नाही. तो मोठ्या बॅगेत टाकावा. रोजच्या कामाला मात्र साधे, लांब दांडीचे नेलकटरच हवे; चिटणीसबाईंचे म्हणणे तेथे खरे. हातासाठी लहान आणि पायासाठी मोठे, अशी दोन असतील तर उत्तम. दोन्हींची किंमत मिळूनही फारशी नाही.

नखे अंघोळीनंतर, मऊ असताना, भरपूर उजेडात काढावीत. रात्री नखे काढू नयेत असे आपल्या आज्या सांगत. दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात नराणी फिरवायची म्हटल्यावर त्यांचे काय चुकले? पायाची नखे सरळ रेषेत कापावीत, कोपरे कोरू नयेत. मधुमेह असलेल्या माणसाचे नख जाड किंवा वाकडे झाले असेल तर आपले कौशल्य तेथे दाखवू नये, डॉक्टरांकडे जावे.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपल्या सभासदांत आता सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी जणी आहेत. कोणी एकट्या राहतात. मुले दूरदेशी आहेत. ती फोनवर रोज बोलतात, पण फोनवरून नखे काढता येत नाहीत. वाकता येत नाही हे सांगायची या भगिनींना लाज वाटते. त्या पायांत मोजे घालून सभेला येतात आणि आपल्याला वाटते की थंडी आहे. तेव्हा मंडळाने दोन चांगली नेलकटरे घ्यावीत, एक पातेले गरम पाणी आणि एक स्वच्छ टॉवेल ठेवावा, आणि महिन्यातून एका दुपारी ज्यांना हवे त्यांची नखे काढून द्यावीत. एका परिचारिका भगिनीने देखरेख करायचे कबूल केले आहे. पहिल्या दुपारी मी येते.

फक्त एवढे पथ्य पाळावे, की आधी विचारावे. ज्या म्हणतील, "माझी मी काढते," त्यांच्या हातात नेलकटर द्यावे आणि शेजारी उजेड धरून बसावे. आमच्या आत्याने मला तेवढे शिकवले आहे. तिचा तो शिंगाच्या मुठीचा चाकू माझ्या कपाटात आहे. त्याने मी काही कापीत नाही. वर्षातून एकदा तेल लावते आणि मिटून ठेवते.